सगळंच नामंजूर

३ फेब्रुवारी, सोमवार

आज नोटीस लागली. धुलाई विभागाच्या दाराशी, साबणाच्या पिंपांच्या वर, अशा उंचीवर की वाचायला टाचा उचलाव्या लागतात. मला पहिला संशय तिथेच आला. जे खरंच सांगायचं असतं ते कुणी इतक्या वर चिकटवत नाही.

मजकूर असा की शहरातल्या सगळ्या सरकारी इस्पितळांचे धुलाई विभाग एकत्र करण्याचा विचार आहे. गावाबाहेर एक मोठा धुलाई कारखाना होणार आणि आमच्या चादरी तिकडे जाणार. त्याआधी कर्मचाऱ्यांशी विचारविनिमय होईल, कर्मचाऱ्यांनी आपला एक प्रतिनिधी निवडावा, आणि त्या प्रतिनिधीशी बोलणं पूर्ण झाल्याशिवाय काहीही ठरवलं जाणार नाही.

उंच स्टुलावर बसून ओल्या चादरी तापलेल्या रोलरमधून काढते ती रोलरवाली मला म्हणाली, "विचारविनिमय म्हणजे काय हो, धाकट्या बाई?" मी म्हटलं, "विचार त्यांनी करायचा आणि विनिमय आपला व्हायचा." सगळ्या हसल्या. मी काही विनोद केला नव्हता.

मला धाकटी म्हणतात कारण माझी थोरली जाऊही याच विभागात आहे. विभाग म्हणजे मध्ये भिंत असलेले दोन लांब हॉल. पलीकडे मळकी बाजू, तिथे वॉर्डांतून आलेली गाठोडी सोडून कपडे निवडतात आणि यंत्रात टाकतात. तिथे जाऊबाई. अलीकडे स्वच्छ बाजू, तिथे इस्त्री आणि घड्या. तिथे मी. सकाळी एका घरातून निघतो आणि फाटकात दोन वाटांना लागतो.

नोटीस वाचून आल्यापासून माझा हात सारखा उजव्या गुडघ्याकडे जातोय. इथे स्टुलावर बसून घड्या घालते म्हणून निभावतं आहे. कारखान्यात म्हणे कपडे पट्ट्यावरून सरकत येतात आणि बाया दिवसभर उभ्या. बसकी बाई त्यांना कशाला हवी? माझी नोकरी गेली तर ती या गुडघ्यापायी जाणार, हे मी इथे लिहिते, दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

६ फेब्रुवारी, गुरुवार

प्रतिनिधी निवडला. आमच्याकडे हात वर करायची पद्धत नाही. मधोमध कपडे वाहायच्या दोन ढकलगाड्या आणायच्या, एक हिरवी, एक पांढरी, आणि प्रत्येकीने घडी केलेला एकेक नॅपकिन हव्या त्या गाडीत टाकायचा. कुणी कुठे टाकला ते कळत नाही अशी सगळ्यांची समजूत आहे. मला कळतं. रोलरवालीची कड नेहमी बाहेर डोकावते, आमच्या विभागाच्या मुकादमांची घडी म्हणजे नुसती गुंडाळी. जन्म घड्यांत गेला, एवढं तर दिसणारच.

मी जाऊबाईंचं, म्हणजे ताईंचं, नाव सुचवलं आणि त्या निवडून आल्या. सगळ्यांना वाटलं, किती मोठ्या मनाची ही. खरं कारण असं की प्रतिनिधी घरातलाच असला म्हणजे आतली बातमी आयती स्वयंपाकघरात येणार. थोरले दीर गेल्यापासून ताई आमच्याकडे राहतात. किंवा आम्ही त्यांच्याकडे राहतो, कारण घर दिरांनी घेतलेलं. हा विषय आम्ही कधी काढत नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पहिली बैठक झाली. मोठ्या कार्यालयातून एक मॅडम आल्या आहेत, त्यांच्याशी बोलणं. ताई घरी आल्या, हातपाय धुतले आणि कांदा चिरायला बसल्या. मी वाट पाहिली. शेवटी विचारलंच.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"चहा चांगला होता."

"ताई, मी चहाचं विचारत नाही."

"अगं, वरून सही होईपर्यंत बाहेर बोलायचं नाही अशी अट आहे. बोललात तर चर्चा तिथेच बंद."

"मी बाहेरची?"

"तू घरातली. पण तुझ्या तोंडाला पलीकडून दुसरं दार आहे."

नवरा कोपऱ्यात किल्ली घासत बसला होता. त्याचा किल्ल्या बनवण्याचा धंदा. दुकान बंद झालं तरी धंदा घरी येतोच. तो हसून म्हणाला, "हिला सांगायचं म्हणजे नोटीसच लावायची की. तीही खालच्या उंचीवर." दोघंही हसले. मी हसले नाही. अट आहे म्हणे! चांगली गोष्ट लपवायची अट कोण घालतं?

१३ फेब्रुवारी, गुरुवार

आज मुकादमांनी स्वतः माझं स्टूल आणून ठेवलं. "बसा धाकट्या बाई. जोवर इथे आहात तोवर बसून घ्या."

जोवर! मी विचारलं, "म्हणजे काय मुकादम? काही ठरलंय का?"

"मला गरिबाला काय माहीत? मी बैठकीत असतो तो मॅडमना यंत्रांची माहिती द्यायला. माणसांचं बोलणं निघालं की मला बाहेर बसवतात. तुमच्या जाऊबाईंना विचारा. घरी सांगत असतीलच."

मी घड्या घालत राहिले. ते जरा थांबले, मग म्हणाले, "सांगत नाहीत? कमाल आहे." एवढंच बोलून निघून गेले. या विभागात एक हाच माणूस सरळ आहे. कुणाच्या पाठीमागे वेडंवाकडं बोलत नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

आज मला पुरतं कळून चुकलं. भांडी आवरताना ताई अगदी सहज म्हणावं तशा म्हणाल्या, "तुझा गुडघा कसा आहे? सलग किती वेळ उभी राहू शकतेस?"

मी हातातलं पातेलं जोरात घासायला घेतलं. "मला काय धाड भरलीय? दिवसभर उभी राहते."

"खरं सांग. मला माहीत असायला हवं."

"कशाला माहीत हवं?"

त्यांनी पातेलं माझ्या हातून घेऊन विसळलं. मग म्हणाल्या, "आणखी कोणाकोणाला उभं राहणं जमत नाही, तुझ्या बाजूला? तू ओळखतेस सगळ्यांना."

म्हणजे असं आहे तर. नुसती मी नाही, सगळ्यांचीच दुखणी गोळा करायची आणि मॅडमच्या पुढ्यात ठेवायची. ही लंगडी, ही पाठीने अधू, ही दम्याची, यांना काढा. मी त्यांना सरळ दोन उठाबशा काढून दाखवल्या, तिथेच, ओट्यासमोर. "दिसलं? आता सांगा जा." मग मोरीत जाऊन भिंतीला धरून उभी राहिले, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते त्यांना दाखवायचं नव्हतं.

इतकी वर्षं एका ताटात जेवलो. माणूस कळत नाही म्हणतात ते खरं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

रोलरवालीने आज एक गोष्ट पाहिली. मागच्या अंगणात फाटक्या गाद्या कोंबून ठेवलेली एक बंद खोली आहे. ती आज उघडी होती. आत ताई आणि मॅडम, आणि दोघी एक मोठी चादर दोन टोकांना धरून भिंतीला लावून बघत होत्या. एकदा या भिंतीला, एकदा त्या भिंतीला.

"माप घेत होत्या," रोलरवाली म्हणाली. "टेप नव्हता बहुतेक. खिडकी उघडून उजेड बघत होत्या. तुमच्या जाऊबाई म्हणत होत्या, इथे ऊन येतं ते बरं."

"ऊन हवंय बाईसाहेबांना," मी म्हटलं. "ऑफिस थाटायचं असेल."

बोलायला बोलले आणि माझंच मला पटलं. कारखाना झाला तरी इस्पितळात देखरेखीला कुणीतरी लागणारच. किती चादरी गेल्या, किती आल्या, हे बघायला एक टेबल, एक खुर्ची. ती खुर्ची ताईंची. म्हणून अट, म्हणून चहा, म्हणून गुडघे. दुपारपर्यंत ही गोष्ट हॉलभर झाली आणि संध्याकाळी ती माझ्याकडे परत आली तेव्हा त्या ऑफिसला पंखा आणि पडदेही लागले होते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

घरात दुसरा फितूर निघाला. गाद्यांच्या खोलीचं कुलूप गंजलं होतं, किल्ली हरवलेली. ते उघडलं कुणी? माझ्या नवऱ्याने! ताईंनी सांगितलं आणि हा गुपचूप जाऊन नवी किल्ली करून आला. मला आज कळलं, तेही वॉर्डांतून गाठोडी आणणाऱ्या गाडीवाल्याकडून.

"मला का नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"वहिनी म्हणाल्या, नको सांगू."

"आणि तू ऐकलंस!"

"वहिनींनी आयुष्यात मला पहिल्यांदा काही मागितलं. एक किल्ली." तो शांतपणे म्हणाला. "तुला एक सांगू? तू उगाच सुतावरून स्वर्ग गाठतेस. जरा थांब ना."

"थांबून थांबून पायाखालची जमीन जाईल."

"कुठे जात नाही जमीन," तो म्हणाला आणि परत कानस चालवायला लागला. मी त्याच्याशी दोन दिवस न बोलायचं ठरवलं आहे. त्याला ते लक्षात येईल की नाही याचीच शंका आहे.

३ मार्च, सोमवार

मुकादमांनी आज चहाच्या सुट्टीत मला बाजूला बोलावलं. फार अवघडले होते बिचारे.

"मी बोलू नये. पण तुम्ही आपलं माणूस म्हणून सांगतो. बैठका पुढेच सरकत नाहीत. तुमच्या जाऊबाई अडून बसल्यात. प्रत्येक वेळी तेच, एक गोष्ट मिळाल्याशिवाय पुढचं बोलणार नाही. मॅडमही त्यांच्यापुढे हात टेकतात. काय गोष्ट ते मला माहीत नाही. पण माणूस स्वतःसाठीच एवढा अडून बसतो, नाही का?"

मला वाटलंच होतं.

"यामुळे सगळंच लांबतंय," ते म्हणाले. "तिकडे कारखाना तयार, इकडे आपण लटकलेले. प्रतिनिधी बदलता येतो, माहिती आहे ना? बहुमत हवं फक्त. तुमच्यासारखी धडाडीची बाई असताना..." आणि वाक्य अर्धवट सोडून चहा पिऊ लागले.

गाडीवाला म्हणत होता की कारखाना सुरू झाला की तिथले मोठे मुकादम हेच होणार. होईनात का. लायक माणूस आहे. निदान हा आपल्याला काय वाटतं ते तोंडावर सांगतो.

५ मार्च, बुधवार

गुडघा आज सुजला. ताईंनी न विचारता पाणी गरम केलं, फडकं पिळून शेकायला बसल्या. मी नको म्हणत होते, पण बरं वाटत होतं, म्हणून फार जोरात नको म्हटलं नाही. त्यांचे हात खरखरीत झालेत, मळक्या बाजूच्या साबणाने. माझे हात मऊ आहेत. हे मी आज पहिल्यांदा पाहिलं.

"थोडे दिवस कळ काढ," त्या खाली बघतच म्हणाल्या. "मग तुला असं उभं राहावं लागणार नाही."

म्हणजे ठरलं! मला घरी बसवायचं ठरलं आणि ही बाई माझाच पाय शेकत मला ते सांगते आहे. मी पाय ओढून घेतला. फडकं जमिनीवर पडलं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही. पुरे."

त्यांनी फडकं उचललं, पिळलं आणि वाळत घातलं. घरातलं कुठलंही फडकं त्या चारी कोपरे नीट जुळवूनच घालतात. मी उद्यापासून एकेकीशी बोलणार आहे. आता माझी वेळ आहे.

१० मार्च, सोमवार

झालं. दुपारी दोन्ही बाजूंच्या सगळ्या घड्यांच्या टेबलांपाशी जमल्या. नियम म्हणून मॅडमही होत्या, आणि मुकादम माझ्या मागे उभे. हिरवी गाडी म्हणजे प्रतिनिधी बदला, धाकटीला करा. पांढरी गाडी म्हणजे थोरलीच राहू द्या.

मी बोलले. कशी बोलले! आवाज अजिबात कापला नाही. म्हटलं, आम्ही यांना आमच्यासाठी पाठवलं, यांनी आम्हाला एका शब्दाने काही कळवलं नाही. आमची दुखणी विचारून घेतली. बंद खोल्या उघडल्या, मापं घेतली. कुणासाठी? बाया पुटपुटायला लागल्या. ताई भिंतीपाशी उभ्या होत्या, मळक्या बाजूचा एप्रन तसाच. त्या मॅडमना म्हणाल्या, "आता मी दोन शब्द बोलू का?"

मॅडम काही म्हणायच्या आत मीच म्हणाले, "आता नाही! बोलायचं होतं तेव्हा तोंड शिवलं होतं. आता आम्ही बोलणार." टाळ्या पडल्या. रोलरवालीने तर टेबलावर हात आपटला. ताईंनी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

नॅपकिन पडले. पांढऱ्या गाडीत मोजकेच, तेही मळक्या बाजूचे. हिरवी भरली. मोजताना मी एकेक घडी ओळखत होते, आणि मध्येच एक हातात आली, चारी कोपरे जुळवलेली. ताईंची. हिरव्या गाडीत! स्वतःच्या विरुद्ध! अपराधी वाटत असणार, दुसरं काय.

मग मॅडमनी विचारलं, "मला नोंद करावी लागेल. आधीच्या प्रतिनिधींनी तुमच्यातर्फे ज्या मागण्या ठेवल्या आहेत त्या तुम्ही पुढे चालू ठेवणार का?"

मुकादम माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "नामंजूर म्हणा. पाटी कोरी करून सुरुवात करा."

"नामंजूर," मी म्हणाले.

मॅडम पेन थांबवून माझ्याकडे बघत राहिल्या. "सगळंच? विचार करून सांगा. घाई नाही."

ताईंनी माझ्याकडे बघून मान हलवली. नको, नको, अशी. मला वाटलं, आता कळवळतेय ऑफिससाठी.

"सगळंच नामंजूर," मी मोठ्याने म्हणाले. परत टाळ्या.

घरी येताना मी पुढे आणि ताई मागे चालत होत्या.

१२ मार्च, बुधवार

हे कसं लिहावं ते कळत नाही. झालं तसं लिहिते.

आज माझी पहिली बैठक. मी ठेवणीतली साडी नेसून गेले होते. खोलीत एक लांब टेबल, काचेचा जग, चहा. मॅडम आणि मुकादम बसलेले. मी म्हटलं, "आमच्या मागण्या अशा आहेत," आणि बोटं मोजायला लागले.

मॅडम म्हणाल्या, "थांबा. विचारायचं संपलं. आज फक्त कळवायचं आहे."

"म्हणजे?"

"बाकीच्या सगळ्या मुद्द्यांवर आधीच्या बाईंचं आणि आमचं एकमत झालं होतं. कुणाची बदली कुठे, येण्याजाण्याची बस, पाळ्या. एकच मुद्दा शिल्लक होता. तो सुटल्याशिवाय त्या चर्चा संपली असं म्हणू देत नव्हत्या, आणि त्या म्हणेपर्यंत आम्हाला पुढे जाता येत नव्हतं. परवा तुम्ही तो नामंजूर केलात. शिल्लक काही राहिलं नाही. चर्चा संपली."

"कुठला मुद्दा?"

मॅडमनी मुकादमांकडे पाहिलं आणि परत माझ्याकडे. "तुम्हाला खरंच माहीत नाही? गाद्यांची खोली. कारखान्यात उभं राहून काम जमणार नाही अशा बायकांसाठी. शस्त्रक्रियेच्या कापडांच्या घड्या आणि फाटलेल्या चादरींची शिलाई इथेच इस्पितळात ठेवायची, बसून करायचं काम. वरचे साहेब तयार झाले होते. या आठवड्यात सही होणार होती. बाकीच्या इस्पितळांना आधी कळलं असतं तर त्यांनीही तेच मागितलं असतं आणि साहेबांनी सरळ सगळ्यांनाच नाही म्हटलं असतं. म्हणून गप्प राहायची अट होती. अट माझी होती, त्यांची नव्हे."

मी म्हटलं, "मग आता मी मागते. हीच खोली मागते. आत्ता लिहा."

"साहेबांनी परवाच विचारलं, बायकांना खोली हवी आहे का? मला खरं तेच सांगावं लागलं. त्यांनी फाइल बंद केली."

मी मुकादमांकडे पाहिलं. ते कपातल्या चहाकडे बघत होते. मग म्हणाले, "तुम्हीच म्हणालात ना, धाकट्या बाई. मॅडमच्या समोर." आवाज अगदी मऊ. त्या दिवशी स्टूल आणून ठेवताना होता तसाच.

घरी येईपर्यंत मी स्वतःला समजावत होते की ही बाई खोटं बोलते आहे. आम्हा दोघी जावांत फूट पाडायचा डाव आहे. कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत हे मला पटत होतं. त्यापुढे पटेना.

१३ मार्च, गुरुवार

काल ताईंशी बोलायचं धाडस झालं नाही. आज त्या भाजी निवडत होत्या तेव्हा समोर जाऊन बसले. गुडघा मोडून बसता येत नाही, म्हणून पाय लांब करून.

"ताई, ती खोली..."

"कळलं तुला?" त्यांनी वर पाहिलं नाही.

"मला नुसता इशारा तरी द्यायचात."

"दिला होता की. कळ काढ म्हटलं होतं."

"असा इशारा असतो का?"

"मला बोलता येत नाही तुझ्यासारखं," त्या म्हणाल्या. "आणि सांगितलं असतं तरी तू त्याच्या मागे काहीतरी शोधलंच असतंस. मला वाटलं, एकदा सही झाली की तुला हाताला धरून नेऊन दाखवीन. खिडकीजवळची जागा तुझी धरली होती मी. ऊन येतं तिथे, गुडघ्याला बरं."

मला रडू आलं. या वेळी मोरीत गेले नाही. मग मी विचारलं, "सोमवारी तुम्ही नॅपकिन हिरव्या गाडीत का टाकलात?"

"सगळ्यांचा विश्वास तुझ्यावर होता. विश्वास नसलेली बाई आत बसून काय उपयोग? वाटलं, तू आत गेलीस की मॅडम तुला सगळं सांगतील आणि खोली तू पुढे नेशील. तू सगळंच नको म्हणशील हे ध्यानात आलं नाही माझ्या."

"राग आलाय?"

"आलाय," त्या म्हणाल्या. "खूप आलाय. जाईल तेव्हा जाईल." आणि निवडलेली भाजी धुवायला उठल्या.

त्यांची बदली कारखान्यात झाली आहे. मळक्या बाजूला माणसं लागतातच. माझं आणि आमच्या बाजूच्या बसक्या बायकांचं काम या महिन्याअखेर संपतं. कळवायचं काम प्रतिनिधीचं. म्हणजे माझं.

१४ मार्च, शुक्रवार

मी सगळ्यांना सांगितलं. घड्यांच्या टेबलापाशी, जिथे सोमवारी टाळ्या पडल्या तिथेच. काही लपवलं नाही. खोली कुणासाठी होती, कुणी अडवून धरली होती, कुणी घालवली. "मी घालवली," असं स्पष्ट म्हणाले. मुकादम काय काय बोलले आणि मी ते कसं गिळलं, तेही सांगितलं. ताईंबद्दल मी जे पसरवलं ते सगळं खोटं होतं, हेही.

मला वाटलं होतं, चिडतील, शिव्या देतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. सगळ्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग मागून एकीने विचारलं, "तुमची बदली कुठे झाली?"

"माझी नाही झाली. माझंही काम संपलं."

"आणि जाऊबाईंची?"

"त्या कारखान्यात."

"म्हणजे घरात एक नोकरी राहिलीच की," ती म्हणाली.

दुसरी म्हणाली, "आधी थोरलीला वर चढवलं, मग खाली ओढलं, आता परत वर. दोघी एकाच घरातल्या. तुमचं आतून आधीच ठरलेलं असणार."

"काही ठरलेलं नव्हतं!" मी ओरडले. "त्या खोलीत तुमच्याच जागा होत्या. तुझी होती, तुझी होती. मॅडमना विचारा."

"मॅडम काय, तुमच्याच." रोलरवाली रोलर बंद करून माझ्यापाशी आली. इतके दिवस माझ्या प्रत्येक शब्दावर मान डोलावणारी बाई. हलक्या आवाजात म्हणाली, "मुकादम सकाळीच सांगून गेले की आज तुम्ही असंच काहीतरी सांगाल. दोघी जावा एक झाल्यात, म्हणाले, सगळं माझ्यावर ढकलतील."

मी तिचा हात धरला. म्हटलं, "अगं, त्या माणसावर विश्वास ठेवू नकोस. मी ठेवला, बघ काय झालं."

तिने हात सोडवून घेतला. रागाने नाही, सावकाश.

"मग कुणावर ठेवू?" ती म्हणाली. "तुमच्यावर?"

आणि ती रोलरकडे निघून गेली. तिचंही काम महिनाअखेर संपतंय.